रुसव्याचा संदर्भग्रंथ

“भाऊ, रुसवा कुठल्या खंडात सापडेल?”

मावशी आमच्या संदर्भ विभागात पहिल्यांदा आल्या त्या हा प्रश्न घेऊन. चपला दाराबाहेर काढलेल्या, पदर खोचलेला, आणि कपाटातल्या जाडजूड खंडांना हात जोडून नमस्कार. पालघरच्या या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्या संदर्भ विभागात माणसं येतात ती पंख्याखाली बसायला, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली डुलकी काढायला. रुसवा मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

मावशी बोईसरजवळच्या पाम गावच्या. तिथे औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात. नवरा लवकर गेला. मुलाला त्यांनी एकटीने शिकवून इंजिनीअर केलं, तो अमेरिकेला गेला आणि तिथल्याच मुलीशी त्याचं जमलं. लग्न मात्र बोईसरला व्हायचं होतं आणि मुलीकडची सगळी मंडळी त्यासाठी येणार होती. सून मावशींना पसंत होती. अडचण वेगळीच होती.

“मी वरमाय,” त्या म्हणाल्या. “वरमाय रुसली नाय, तर ते लग्न कसलं? माज्या लग्नात सासूला गादीची खुर्ची मिळाली नाय, म्हणून ती रुसली. पंगत खोळंबली, माजा बाप हात जोडून उभा. तेव्हाच ठरवलं, आपली पण पाळी येईल. पुढं नवरा गेला. रुसायला समोर माणूस लागतं ना, समजूत काढणारं! आता इतक्या वर्षांनी संधी आली हाय. पण मी आपल्या पद्धतीनं रुसले, तर त्या अमेरिकेच्या विहिणीला वाटेल, हिच्या पोटात दुखतंय.”

थोडक्यात, त्यांना अमेरिकन माणसाला कळेल असं रुसायचं होतं, आणि त्याला ग्रंथाचा आधार हवा होता. तुम्ही माझ्या जागी असता तर हसला असता. मीही हसलो. पण कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी त्या एसटीने यायला लागल्या. संदर्भग्रंथ घरी देता येत नाहीत, म्हणून भाकरी बांधून येत. इंग्रजी मजकूर मी मराठीत सांगायचा आणि निकाल त्यांनी द्यायचा, असं ठरून गेलं.

सुरुवात युरोपपासून केली. फ्रान्सच्या दरबारातल्या बायका पंख्याआड तोंड लपवत, हे ऐकून त्या म्हणाल्या, “लपवलं तर फुगलेलं दिसणार कसं?” पंखे नामंजूर झाले. इंग्रज बायका मनाविरुद्ध काही घडलं की मूर्च्छा येऊन पडत, हे त्यांना आवडलं. दोन कपाटांच्या मधे त्यांनी एकदा पडूनही पाहिलं. आमचा शिपाई पाणी घेऊन धावला, एका वाचकाने ॲम्ब्युलन्स बोलावली. “हे लोक दवाखान्यात नेतात, समजूत काढत नाय,” असं म्हणून त्यांनी इंग्लंडही निकालात काढलं. द्वंद्वासाठी हातमोजा फेकायची रीत निघाली, तेव्हा कारखान्यातला रबरी हातमोजा त्या घेऊनच आल्या. पण समोरच्याने तो उचलला तर खरोखर लढावं लागतं, हे कळल्यावर तोही बेत बारगळला.

अमेरिकेचा खंड उघडला तेव्हा मी कंटाळलो होतो. इंग्रजांच्या कराचा राग आला म्हणून बोस्टनच्या लोकांनी पेट्याच्या पेट्या चहा समुद्रात टाकला, हे मी जांभई देत वाचलं. मावशी ताडकन उठल्या.

“सगळ्यांदेखत टाकला? मग समजूत काढली का त्यांची?”

“नाही. पुढे युद्ध झालं.”

“बघा! काढायला पायजे होती. हाच आपला रुसवा, भाऊ. हा तर त्यांच्या पोराटोरांना ठाऊक असेल.”

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या आणि पंगतीआधी चहा फिरला. विहीणबाई कुणीतरी नेसवलेल्या नऊवारीत अवघडून उभ्या होत्या. मावशींनी त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले, कप उंच धरला आणि सगळा चहा शोभेच्या कुंडीत ओतला.

विहीणबाईंनी क्षणभर पाहिलं आणि मग अतिशय भक्तिभावाने आपलाही कप कुंडीत रिकामा केला. त्यांच्यामागे त्यांचे यजमान, मग मुलीची आत्या, मग काका. काकांनी तर कुंडीला नमस्कारही केला. ही काहीतरी नवी रीत असावी, असं समजून आमच्याकडच्या दोन म्हाताऱ्याही रांगेत लागल्या. केटरर कपाळाला हात लावून बसला. फोटोग्राफर ओरडला, “आंटी, एक बार और!”

मावशी सामानाच्या खोलीत जाऊन बाकावर बसल्या, भिंतीकडे तोंड करून. मी मागोमाग गेलो.

“मी जाऊन सांगतो त्यांना.”

“खबरदार! सांगून काढलेली समजूत काय कामाची?”

बाहेर पानं मांडत होते आणि कुणाला त्यांची आठवणही नव्हती. एका बाईने जन्मभर एकाच गोष्टीची वाट पाहावी आणि ती अशी कुंडीत जावी, याचं मला फार वाईट वाटलं.

मावशी आता मुलाकडे अमेरिकेत असतात, आणि खरं सांगायचं तर मला संदर्भ विभागात करमत नाही. त्यांची आठवण आली की ती सामानाची खोली दिसते.

त्या दिवशी थोड्या वेळाने दार लोटून विहीणबाई आत आल्या. हातात कप. चहा बिघडला होता म्हणून मावशींनी ओतला, असं त्यांना आता वाटू लागलं असावं. केटररच्या शेगडीवर त्यांनी स्वतः नवा केला होता. मावशी वळल्या नाहीत. विहीणबाई गेल्या आणि दुसरा करून घेऊन आल्या. मावशींनी मान आणखीच फिरवली. तिसऱ्या खेपेला त्या नऊवारी सावरत खाली जमिनीवरच बसल्या, कप दोन्ही हातांत धरून, आपल्या भाषेत हळू आवाजात काहीतरी विनवत राहिल्या.

मावशी सावकाश वळल्या. कप घेतला, एक घोट घेतला.

“साखर नाय ह्यात,” त्या मला म्हणाल्या, आणि भरल्या डोळ्यांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग बाकावर थोडं सरकून त्यांनी विहीणबाईंना जागा करून दिली.