पुसलेला व्रण

डिजिटल चित्रकलेच्या पहिल्या प्रकल्पासाठी वैदेहीने वारलेल्या आईचा एकुलता एक उरलेला फोटो पेन ड्राइव्हवर आणला होता; कागदावरचा फोटो कधीच हरवला होता. पडद्यावर तिने धुळीचे ठिपके हलक्या हाताने पुसले आणि त्याच ओघात आईच्या गालावरचा भाजल्याचा व्रणही. मग मूळ फोटोवरच जतन करून तिने फाइल बंद केली आणि मैत्रिणीला दाखवायला पुन्हा उघडली.

“काकू किती तरुण दिसतायत गं!” शेजारची मैत्रीण म्हणाली.

वैदेही माझ्याकडे वळली. “मॅडम, ही आई वाटतच नाही. आधीचा फोटो परत आणा ना.”

तो परत येणार नव्हता. आधी प्रत काढून ठेवावी, हे मी उद्याच्या तासाला शिकवणार होते. शिकाऊ हाताखाली धूळ आणि जगणे सारख्याच मऊपणाने पुसले जाते.

व्रण पुन्हा रंगवायला तिने ब्रश निवडला. पडद्याच्या निळसर उजेडात तिचा हात थांबला.

“मॅडम, डाव्या गालावर होता की उजव्या?”