क्लोरोफॉर्मच्या मास्कखालून

भूतखेत, करणी, अंगात येणं... या सगळ्याबद्दल माझं मत विचाराल तर मूर्खपणा, बस्स! अंगात आलेल्या कितीतरी बाया मी अमोनिया हुंगवून भानावर आणल्यात. त्यामुळे हे लिहितोय ते तुमची करमणूक व्हावी म्हणून नाही. मला ते कोडं आजही सुटलेलं नाही, म्हणून.

निजामाचं राज्य होतं. नवा डॉक्टर होऊन मी सेलूत दवाखाना टाकला होता. नारूचे जंत, खरूज आणि कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात चेंगरलेली बोटं — एवढीच माझी सर्जरी. तेवढ्यात हैदराबादच्या एका बड्या सर्जनकडे हाऊस सर्जनची जागा निघाली. दोन वर्षं तिथंच राहून शिकायचं.

माझे सासरे कापसाचे व्यापारी. प्रत्येक गोष्टीला ते बाजारभाव लावायचे.

"जावईबापू, हैदराबादचा शिक्का बसला की आख्ख्या जिल्ह्यात तुमच्यासारखा दुसरा न्हाई. लय इचार करू नका."

शिक्का! जसा काही मी कापसाचा गठ्ठाच.

माझा वर्गमित्र वामन त्याच सर्जनच्या हाताखाली होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "दोन वर्षांत एक अपेंडिक्स काढलं. तेही साहेबांना शिंका येत होत्या म्हणून! बाकी वेळ त्यांची बॅग धरायची आणि त्यांच्या उर्दू शेरांना दाद द्यायची."

पण पोट उघडायला शिकवणारं दुसरं होतं कोण? सेलूत राहिलो तर जन्मभर गळवंच फोडणार होतो. आणि गेलो, तर बायको गरोदर, दवाखाना बंद, रोगी दुसऱ्याकडे. मन रोज इकडून तिकडे जायचं.

अशातच ते सर्जनसाहेब परभणीला दौऱ्यावर आले. मैदानात तंबू, त्यात ऑपरेशनचं टेबल, बाहेर बिर्याणीची देगची. निरोप आला — "मदतीला ये, तुझा हात बघू."

मी पोचलो तेव्हा रोगी टेबलावर होती. गिरजा, पाथरीकडची शेतकरीण, पोटात गोळा. तिला मास्क लावून क्लोरोफॉर्म चालू झालेला. तिच्याशी माझी ओळख एवढीच.

हात धुऊन मी साहेबांच्या समोर उभा राहिलो. गोळा निघाला. साहेब गप्पा मारत हात चालवत होते. रक्त टिपायला पोटात घातलेल्या कापडाच्या घड्या कोण मोजतंय याची त्यांना फिकीर नव्हती. पोट शिवायला त्यांनी सुई घेतली आणि मास्कखालून बाईचा आवाज आला. स्वच्छ, शांत.

"थांबा. आत फडकं ऱ्हायलंय."

साहेबांचा हात थबकला. क्लोरोफॉर्म देणाऱ्याच्या हातातली बाटली कलली. तंबूत दुसरी बाई नव्हती.

साहेब हसले. "बेहोशी में सब बकते हैं."

मी म्हणालो, "साहेब, एकदा बघून घ्या."

"तुम्हें जगह चाहिए या नहीं?"

मी हात आत घातला. आतड्यांच्या मागं, रक्तानं चिंब झालेली घडी बोटांना लागली. मी ती काढून ट्रेमध्ये टाकली. साहेबांनी मुकाट्यानं पोट शिवलं. हात धुताना हलक्या आवाजात म्हणाले, "जागा तुझी. पण ही बात तंबूच्या बाहेर जाता कामा नये."

बाहेर गिरजाचा भाऊ मारोती उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "तुमची बहीण वेळेवर बोलली म्हणून वाचली."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कोन बोललं?"

"गिरजाबाई."

"डाक्टरसाब, चेष्टा करायलाव का? ती जन्माची मुकी हाय."

तिला शुद्ध आल्यावर मी घसा तपासला, जीभ तपासली, कानाशी टाळी वाजवली. ठार बहिरी. शब्द काय असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. माझी धडपड बघून ती नुसती हसली, तेही आवाज न करता.

मी हैदराबादला गेलो नाही. माणसाच्या पोटापेक्षा स्वतःच्या नावाला जपणाऱ्याकडून काय शिकायचं? सासरे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत... तेवढाच काय तो फायदा.

मारोतीनं गावात देवी बोलल्याचं सांगितलं. देवीला पोटातलं फडकं दिसतं आणि गावात दरवर्षी येणारा कॉलरा दिसत नाही? वामनला सांगितलं, तर त्याचं म्हणणं, तंबूतल्या आम्हा सगळ्यांना भास झाला. मग घडी काय भासातून निघाली?

ते वाक्य कुणाचं होतं, मला माहीत नाही. आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं, त्यांची मला कीव येते.