रिकाम्या कंसाचा नारळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं! यशाचा नारळ फोडून पचका झालेला माणूस आमच्या कळंबात एकच. अस्मादिक!

लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो, तो कार्ट्रिजचा गेम आठवतो? मी तो डीकंपाइल करायला घेतला. त्याचा मूळ कोड कुणाकडेच नाही, उरलीये फक्त मशीनची भाषा. ती वाचून कोड पुन्हा असा लिहायचा, की जुन्या कंपायलरमधून, म्हणजे कोडची मशीनभाषा करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढल्यावर मुळाशी तंतोतंत जुळला पाहिजे. भजी खाऊन पीठ किती, ओवा किती ते सांगण्यातला प्रकार!

तो जुना कंपायलर चालू करण्यातच जीव मेटाकुटीला आला. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. सकाळी बायकोनं कोथिंबिरीला पाठवलं, तर बाजारात जाऊन रिकाम्या पिशवीनं परत आलो!

त्यात उमरग्याहून सासरे आलेले. "पाव्हणं दिवसभर गेमच खेळतेत व्हय?" असं त्यांनी लेकीला विचारलेलं मी ऐकलं. झालं! आज मामांना काहीतरी करून दाखवायचंच.

गेमच्या कोडच्या हजारो तुकड्यांतला सगळ्यात लहान निवडला. नाव लिहिलं, कंस उघडला, कंस मिटला. आत काही लिहायच्या आधी सहज जुळणी तपासायचं बटण दाबलं आणि स्क्रीन हिरवीगार! शंभर टक्के!

"जुळलं!" मी असा ओरडलो की शेजारी गच्चीवर आले. आत काही न लिहिताच जुळलं, म्हणजे हात किती बसला असेल, सांगा!

मामा हरखले. लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, उंबऱ्यावर नारळ फुटला. उमरग्याला फोनही गेला. "आमच्या जावयानं गेम बनवला बगा! लई डोकं!"

मी अडवलं का? छे हो! शाल तेवढी यायची राहिली होती.

खोबरं खाता खाता मामांनी विचारलं, "पर ह्यो तुकडा गेममधी करतो काय?"

मी ऐटीत त्या तुकड्याची मूळ मशीनची भाषा वाचायला घेतली. दोनच ओळी. पहिली म्हणते, परत फिर. दुसरी म्हणते, काही करू नको.

"म्हंजी?"

"म्हणजे... गेम त्याला बोलावतो. तो जातो. काहीच करत नाही. परत येतो."

मामांनी हातातलं खोबरं खाली ठेवलं. बायकोनं मात्र सकाळचीच पिशवी पुढं धरली. "मग तुमच्याशी जुळणारच की! जावा, आता तरी कोथिंबीर घिऊन या."

गेलो, तेही शंभर टक्क्यांच्या तोऱ्यात. अहो, पहिला तुकडा जुळला होता माझा!

त्याच तोऱ्यात मेथी घेऊन आलो.