आसरांचं टेकाड

पदर कमरेला खोचायचा, हनुवटी वर करायची आणि म्हणायचं, "येऊ दे ना समोर." साप असो, तलाठी असो की भूत, आमच्या गावच्या एका बाईचं उत्तर हेच.

तुमच्याही गावाजवळ असं एखादं टेकाड असेल, जिथून गुराखीसुद्धा वळसा घालून जातो. आमच्या मोताळ्याकडच्या गावात ते नाल्याकाठी होतं. वर एक हिवराचं झाड आणि तिथे साती आसरांचा, पाण्यातल्या त्या सात देवींचा, वास. नांगर लावला की घरचं माणूस जातं, ही ठाम समजूत. म्हणून भोवतीची जमीन पडीक होती, आणि म्हणूनच भूमिहीनांना वाटप झालं तेव्हा ती हिच्या पदरात पडली. नुकतंच बौद्ध झालेलं घर. नवरा-बायको आणि तान्ही लेक. जमीन पडीक ठेवली तर परत जाणार होती.

बैलजोडी द्यायला कोणी तयार होईना. मग दोघांनी कुदळीने सगळा तुकडा खणला, पार टेकाडाच्या पायथ्यापर्यंत. ज्वारी पोटरीत आली आणि नवरा तापाने गेला.

गावाला हेच हवं होतं असं मी म्हणणार नाही, पण गावाचा चेहरा तसा दिसत होता खरा. बसायला आलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, आसरांना हिरवं लुगडं वाहावं, जमीन सोडावी, लेक तरी वाचवावी. ती रडत होती. रडता रडताच म्हणाली,

"आबाजी, तुमच्या घरचे दोघं गेले मागच्या साली. थे कोनतं टेकाड खंदून गेले?"

म्हातारा काठी टेकत उठला.

पुढच्या आठवड्यात तिने त्याच हिवराला लेकीची झोळी बांधली आणि ज्वारीतलं तण निंदायला बसली. आम्ही बाया वाटेवरच थबकलो. मी विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटते ना माय. पण जमीन सोडली तं पोरीले काय चारू, भेव?"

लेक धडधाकट वाढली. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी गावी गेले, तर टेकाडावर शेंदूर फासलेला नवा दगड. म्हणे ती माणूस नव्हतीच, आसराच होती, म्हणून निभावली. माझं डोकंच फिरलं. भिऊन, रडून, राबून जिने जमीन राखली, तिचं माणूसपणही यांना सोसेना. शेंदूर पुसून मी तो दगड उचलला.

खाली लेक वखर हाकत होती. तिने बैल थांबवून एकवार माझ्याकडे पाहिलं.

"तिकडं लावा मावशी," ती म्हणाली, "तिथं बांध फुटला हाये."