तारनाक्याहून पहिल्या पाळीला

सिकंदराबादला उतरलो तेव्हा दिवस मावळला होता आणि माझं डोकं फिरलेलं होतं. उदगीरहून निघालेली गाडी वाटेत जागोजागी रखडली. शेजारच्या गृहस्थांनी बिदरपासून माझ्या खांद्यावर झोप काढली. त्यात निघताना आईनं दिलेला हुकूम होताच: "वहिनीला घेऊनच ये. एकटा आलास तर तोंड दाखवू नको."

थोरला भाऊ, आमचा दादा, इथल्या एका सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आचारी होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ नाही. त्याच्या जागी अनुकंपेवर वहिनी मदतनीस म्हणून लागली. तेव्हापासून ही पन्नाशी उलटलेली बाई रोज पहाटे तारनाक्याहून चालत पहिल्या पाळीला जाते. गुडघे पार गेलेत. तिनं नोकरी सोडून गावी यावं म्हणून घरातल्या सगळ्यांनी फोन करून पाहिले, आता माझी पाळी होती.

तारनाक्याच्या एका गल्लीत तिची खोली आहे. तिनं गोंगुरा (आपली अंबाडीच, फक्त इथं तिचा तोरा फार) आणि ज्वारीची भाकरी वाढली. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी झालेलं. मी गावचा विषय काढला की ती ताटात आणखी भाजी वाढायची. शेवटी म्हणाली, "नक्को भाऊजी, आता जेवा." मी ठरवलं, सकाळी सोबत चालू आणि वाटेत पटवू. चालता माणूस उठून आत जाऊ शकत नाही.

पहाटे बाहेर पडलो तर हैदराबादला थंडी नसते म्हणणाऱ्याला शोधून काढावंसं वाटलं. दिव्यांभोवती धुकं साचलं होतं. डोक्यावरून मेट्रोचा पूल जातो, पण मेट्रो जागी व्हायच्या आत वहिनीची हजेरी लागलेली असावी लागते. पेशंटांचं दूध तापवायचं काम तिचं. रस्त्यावर झाडणाऱ्या बायका तोंडाला फडकी बांधून कामाला लागल्या होत्या. एका बंडीवर (हातगाडीवर) इडलीचं भांडं चढत होतं. बंडीवाल्यानं वहिनीला नमस्कार केला, मला मात्र पोलिसासारखं निरखून घेतलं. एवढं मोठं शहर, पण त्या वेळी ते फक्त पोटासाठी उठलेल्यांचं असतं. मला फार उदास वाटलं.

वहिनी एक पाय ओढत चालायची. मी आईचं वय, वहिनीचे गुडघे, गावातली रिकामी खोली, सगळं काढलं. ती नुसतं "हौ" म्हणायची. हौ म्हणजे हो, पण वहिनीच्या हौचा अर्थ होता, तुम्ही बोलत राहा.

लालागुड्याजवळ मी फोनवर नकाशा काढला आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. ती मोठ्या रस्त्यानं सगळा वळसा घालत होती. रेल्वेच्या भिंतीला लागून सरळ गल्ली होती, निम्मी चाल वाचणारी. तीन वर्षं ही बाई उगाच पाय घासतेय! मी तिला दाखवलं. ती म्हणाली, तो रस्ता बरा नाही. कुत्र्यांना भीत असेल असं मला वाटलं. मी तिच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि गल्लीत शिरलो. पिशवी माझ्याकडे, म्हटल्यावर तिला यावंच लागलं.

गल्लीत दिवे कमी होते. भिंतीपलीकडे रेल्वेच्या डब्यांची आदळआपट चालली होती. मी पुढे बडबडत होतो, बघा कसं झटक्यात पोचतो वगैरे. मागे पावलं ऐकू येईनात म्हणून वळलो. वहिनी एका बंद गाळ्यासमोर थांबली होती. पदर डोक्यावर घेतलेला, नजर जमिनीवर.

"हे इथं पडले होते," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. आम्ही सगळ्या गावाला सांगितलं होतं, दादा ड्युटीवर गेला. दवाखान्यात गेला असंच आम्ही धरून चाललो होतो.

"पहाटे ड्युटीला निघाले होते. लोक बाजूनं जात होते. प्यालेला आहे म्हणत होते. तेराव्याला तुम्ही सगळ्यांनी विचारलं, नोकरी कुणाला लागणार. कुठं पडले, एकानं विचारलं नाही."

लाजेनं मेल्यासारखं झालं. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"इथं निदान आम्हा दोघांना ओळखणारी माणसं आहेत, भाऊजी. मी येणार नाही. आईंना सांगा, राग नाही."

मग ती पुढे झाली आणि मी मागून. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "आज जल्दी आ गये अम्मा?" तिनं मान हलवली आणि आत गेली. मी समोरच्या इराणी हॉटेलात बसलो. चहा दाट होता, गोड होता, आणि तसाच निवून गेला. उजाडल्यावर मोठ्या रस्त्यानं परत आलो. गल्लीत पाय टाकायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उदगीरला एकटाच उतरलो. गावाला येऊन माणूस प्रवासात काय पाहिलं ते सांगतो. मी चारमिनार पाहिला नाही, बिर्याणी खाल्ली नाही. एक भिंत आणि एक बंद गाळा पाहिला, आणि तेवढंच आईला सांगितलं. मला वाटलं ती वहिनीवर चिडेल. ती गहू निवडत राहिली.

"किती वेळ पडून होता रे?"

मला माहीत नव्हतं. तेही मी विचारलं नव्हतं.

आईनं सूप बाजूला सारलं आणि मला वहिनीला फोन लावायला सांगितलं. लागल्यावर माझ्या हातातून घेतला. पलीकडून वहिनी काहीतरी माफीसारखं बोलत असावी, कारण आईनं तिला मध्येच थांबवलं.

"येऊ नको. तू फक्त सांग, त्या सकाळी काय झालं. पहिल्यापासून सांग. मी ऐकते."