बुधवारपर्यंत परत

माझा धाकटा भाऊ ज्या मच्छीमार बोटीवर खलाशी होता, ती बोट ठरलेल्या बुधवारी बंदरात परतली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा हिवाळा होता. बोटीवर सहा जण होते. बंदरात कोणी चौकशी केली नाही. पहिली चौकशी दोंडाईच्याहून झाली, आणि ती ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा झाली.

भाऊ पोहायला विहिरीत शिकला होता. वडील गेल्यानंतर तो पॅसेंजरने सुरतेला गेला, तिथे वर्षभर मागावर काम केले आणि खोलीतल्या एका सोबत्याबरोबर पुढे गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात पोचला. आमच्या घरात तोवर कोणी समुद्र पाहिला नव्हता. माय मिरचीच्या वखारीत देठ खुडायला जात असे. मी जळगावला एका दैनिकात उपसंपादक होतो आणि एक सोडून एक सुट्टीला घरी येत असे.

पहिल्या हंगामानंतर भावाने बंदरात वाटलेले एक पत्रक घरी आणले. ते गुजरातीत होते. त्याने जेवता जेवता ते आम्हाला मराठीत सांगितले. हवामानाचा अंदाज ऐकल्याशिवाय नांगर उचलू नये. तेलाचे तीन भाग करावेत: एक जायला, एक यायला, एक राखून ठेवायला. जितकी माणसे तितकी जाकिटे घ्यावीत आणि ती पेटीत ठेवू नयेत, अंगात घालावीत. बोट बंद पडली किंवा उलटली तरी बोट सोडू नये. किनारा दिसतो त्याहून लांब असतो. आणि निघण्यापूर्वी जमिनीवरच्या एका माणसाला सांगून जावे: कुठे जातो, किती जण, कधी परत. त्या वेळेपर्यंत आलो नाही तर त्याने कोणाला कळवायचे, तेही सांगावे.

बाकी पाच खलाशांची घरे धक्क्यामागच्या वस्तीत होती. भावाचे तिथे कोणी नव्हते. त्याने जमिनीवरचा माणूस म्हणून मायचे नाव दिले. खलाशी त्याला हसले. तुझी माय दोंडाईच्याच्या कुठल्या गच्चीवर चढून बघणार, असे त्यांनी विचारल्याचे त्याने स्वतःच हसत सांगितले. माय हसली नाही. तिने कार्ड किती दिवसांत येते ते विचारले. चार, तो म्हणाला.

तेव्हापासून प्रत्येक फेरीची दोन पोस्टकार्डे येऊ लागली, एक निघतानाचे आणि एक परतल्याचे. निघतानाच्या कार्डावर तीन वाक्ये असत. आज निघतोय. सहा जण. अमुक वारापर्यंत परत. त्या वारानंतर चौथ्या दिवसापर्यंत दुसरे कार्ड आले नाही, तर मायने बोटमालकाच्या दुकानावर तार करायची. मालकाचा पत्ता तिने पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून घेतला होता.

मायला वाचता येत नव्हते. शेजारी पिंजारी चाचा राहत. गाद्या भरण्याचे दुकान घरातच होते आणि मराठी चौथीपर्यंतचे शिक्षण होते. कार्ड ते वाचत. परतल्याचे कार्ड आले की माय आधीचे कार्ड काढून त्यांच्यापुढे धरी आणि ते त्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहीत: उना. आला. मग ते कार्ड पेटीत जाई. पेटीत ठेवण्यापूर्वी ती त्याचा वास घेई. काही कार्डांना मासळीचा वास असे, बहुतेकांना नसे.

वादळी वाऱ्याचा इशारा असला की बंदरावर बावटा चढतो आणि बोटी धक्क्याला राहतात, हे भावाने तिला सांगितले होते. त्यावरून तिने स्वतःचा हिशेब बसवला. इशारा असलेला दिवस तिला चांगला जाई. समुद्र शांत राहील असे रेडिओ म्हणाला की ती उठून बसे. मी घरी गेलो की पहिला प्रश्न तोच असे.

"बावटा लागेल शे का?"

लागलाय म्हटले की ती म्हणे, "मंग तो जमिनवर शे," आणि भाकरी थापायला घेई. एकदा तिने विचारले, "तठेतून जमीन दिखस का त्याले?" मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले.

किनाऱ्यासाठीचा इशारा आमच्या कार्यालयात टेलिप्रिंटरवर रोज संध्याकाळी येत असे. खानदेशच्या पेपरात तो कोणी लावत नसे. मी सावद्याच्या केळीच्या भावाखाली उरलेल्या जागेत दोन ओळी लावू लागलो. संपादकांनी एकदा विचारले, तापीला भरती आली काय? जागा भरायला बरी पडते, असे मी सांगितले. ओळी राहिल्या. सकाळी पेपर दोंडाईच्याला पोचे आणि चाचा त्या दोन ओळी मायला वाचून दाखवीत.

त्या फेरीचे कार्ड आले तेव्हा त्यावर लिहिले होते: आज निघतोय. सहा जण. बुधवारपर्यंत परत. म्हणजे दुसरे कार्ड रविवारपर्यंत यायला हवे होते. बुधवारी संध्याकाळी उत्तर गुजरात किनाऱ्यासाठी जोरदार वाऱ्याचा इशारा आला. शनिवारी दुपारी तो मागे घेतला गेला. रेडिओने तसे सांगितले.

शनिवारीच चाचांनी किराणा दुकानातून कार्यालयात फोन केला. त्यांनी यापूर्वी कधी फोन केला नव्हता. मायने रेडिओ मांडीवर घेतला आहे, वखारीत गेली नाही, ताटावरून उठते, असे ते म्हणाले. "तू काही सांग तिला, भाऊ. माझं ऐकत नाही."

मी म्हणालो, "उद्याचा पेपर वाचून दाखवा."

त्या संध्याकाळी टेलिप्रिंटरच्या तारेवर इशारा नव्हता. मी दोन ओळी लिहिल्या. उत्तर गुजरात किनाऱ्यासाठी इशारा कायम, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. रविवारी संध्याकाळी पुन्हा त्याच लिहिल्या. कार्ड एक-दोन दिवसांत येईल आणि तोवर ती झोपेल, एवढाच माझा विचार होता. तार कोणत्या दिवशी करायची हे मला माहीत होते. इशारा ऐकून ती तार करायची थांबेल, हे त्या वेळी लक्षात आले नाही.

सोमवारी संपादकांनी पेपरवर बोट ठेवून विचारले, "ही ओळ कुठून आली? तारेवर दिसत नाही."

जुनी राहिली, मी म्हणालो.

"मग काढ."

मंगळवारच्या पेपरात ओळ नव्हती. त्या सकाळी माय चाचांना घेऊन तार ऑफिसात गेली.

पुढचे मला भावाकडून कळले. मालकाने तार दोनदा वाचली. बोट वाऱ्यामुळे शेजारच्या बंदरात थांबली असेल, असे तो धरून चालला होता. वस्तीतली पाचही घरे तेच धरून होती. त्याने शेजारच्या बंदरात चौकशी केली. बोट तिथे नव्हती. बुधवारी पहाटे दोन बोटी शोधायला गेल्या. गुरुवारी दुपारी त्यांना भावाची बोट दिसली. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मोडला होता. वाऱ्याने बोट बरीच दक्षिणेला नेली होती. एका संध्याकाळी लांब दिवे दिसले तेव्हा दोघांनी रिकामी पिंपे बांधून पोहत निघायचे ठरवले होते. भावाने पत्रकातला नियम सांगून त्यांना अडवले. एकाने त्याच्या थोबाडीत मारली, पण दोघेही बोटीवरच राहिले.

तार रविवारी जायची होती. ती मंगळवारी गेली. बोटीवरचे पिण्याचे पाणी मंगळवारी संध्याकाळी संपले.

शुक्रवारी मालकाची तार आली. सहाही जण जिवंत होते.

पुढच्या आठवड्यात भाऊ घरी आला. ओठ फुटलेले होते आणि तो थोडे थोडे पाणी पीत होता. तुझ्या मायला गच्चीवरून दिसलं खरं, असे आता खलाशी म्हणतात, हे त्याने सांगितले. मग त्याने मायला विचारले, रविवार ठरला होता ना?

"मन्ही मोजणी चुकनी," माय म्हणाली.

तो चाचांकडे गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. ती ज्वारी निवडत होती.

"रेडिओमा इशारा नव्हता," ती म्हणाली. "तुन्हा पेपरमा व्हता."

तिने एक खडा काढून बाजूला टाकला.

"पेपर तू काढस. मी तोच खरा धरा."

तिने सूप पुढे ओढले आणि पुन्हा कधी हा विषय काढला नाही.

भाऊ आठ दिवस राहिला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने सांगितले की मालकाने धक्क्यावर फळा लावला आहे. बोट, माणसे, निघाल्याचा वार, परतीचा वार, सगळे त्यावर लिहितात आणि मालकाचा माणूस रोज बघतो. एक दिवस उशीर झाला तरी दुसरी बोट निघते. "कार्डाचं काम उरलं नाही, माय. चार दिवसांचं शिळं कार्ड घेऊन तू तरी काय करणार?"

"बरं शे," माय म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, फळ्यावर कोणाच्या अक्षरात लिहितात. मालकाच्या मुनीमाच्या, तो म्हणाला.

स्टेशनवर मी त्याला त्या दोन ओळींबद्दल सांगितले. गाडी यायला वेळ होता.

"पत्रक मी तीनदा वाचलंय, भाऊ," तो म्हणाला. "पेपरवाल्याबद्दल त्यात काहीच नाही." मग त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. सुरतेची गाडी लागली आणि तो चढला.

तो त्याच बंदरात राहिला. दिवाळीला पत्र येई, कधी तो स्वतः येई. केळीच्या भावाखालच्या दोन ओळी मी जळगाव सोडेपर्यंत रोज लावल्या, तारेवर येत तशाच. चाचा त्या वाचून दाखवीत आणि माय बावटा आहे की नाही एवढे विचारी. कार्डे बंद झाल्यामुळे तो समुद्रात आहे की धक्क्यावर, हे तिला त्यावरून आता कळत नसे.

माय गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. मालकाचा पत्ता झाकणाला अजून चिकटलेला आहे. सर्वांत वरच्या कार्डावर तीन वाक्ये आहेत. आज निघतोय. सहा जण. बुधवारपर्यंत परत. कोपऱ्यात चाचांच्या अक्षरात ‘उना’ लिहिले आहे. तो शब्द मायने भाऊ समोर चहा पीत बसला असताना लिहून घेतला होता. त्यानंतरचे कार्ड पेटीत नाही.