जयवंताबाईच्या गोष्टीतला खून

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हाची ही गोष्ट. आगगाडी अजून अकोल्यापर्यंतही पोचली नव्हती. कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग अमरावतीच्या वेशीतून निघाली की तिचं शेवटचं टोक दिसायला दुपार व्हायची. त्या हंगामात रस्त्याच्या कडेच्या बाभळीही पांढऱ्या असायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्यांमधला कापूस काट्यांना अडकून राहायचा.

खुशालराव या व्यापाऱ्याचं आवार गावाच्या कडेला होतं. तिथे लाकडी चरक्यांवर बाया कापूस घालायच्या. सरकी, म्हणजे बी, एका बाजूला पडायची, बिनबियांची रुई दुसऱ्या बाजूला. दिवसभर करकर चाले. त्या करकरीच्या वर एकच आवाज चढायचा, जयवंताबाईचा.

जयवंता माळ्याची. नवरा देवीदास गावाशेजारच्या मळ्यात वांगी, मेथी, झेंडू करायचा. ती हंगामापुरती चरकीवर यायची आणि हात चालता चालता गोष्टी सांगायची. सगळ्या प्रेमाच्या. कोणी राजाची मुलगी पखालवाल्यावर भाळलेली, कोणी सोनार आपल्या परजातीच्या शेजारणीसाठी नथ घडवता घडवता म्हातारा झालेला. एखादी म्हातारी नाक मुरडायची, "बाईमानसानं असल्या गोष्टी सांगाव्या का वो?" जयवंताचं माहेर कौंडण्यपूरकडचं. ती म्हणायची, "आमच्या गावची रुक्मिणी देवाच्या रथात बसून गेली, ते चालते. मंग माह्या सोनारानं काय पाप केलं?"

गोष्ट ऐन रंगात आली की दिवस मावळायचा आणि ती पदर झटकून उठायची. बाया चिडायच्या, पण दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी वेळेआधी हजर. बडनेऱ्याच्या बाया जवळचं आवार सोडून इथवर चालत यायच्या. बंडीवाल्यांच्या तोंडून तिच्या गोष्टी अकोल्यालाही पोचल्या होत्या, अर्ध्यामुर्ध्या, वाटेत सांडलेल्या.

एका वर्षी अकोल्याहून मनकर्णा नावाची बाई कामाला आली. विधवा, अंगाने वाळकी, तोडून बोलणारी. अमरावतीत दूरच्या नात्यातल्या एका घरी उतरली होती. आठ-पंधरा दिवस तिने मुकाट्याने गोष्टी ऐकल्या. मग एका दुपारी म्हणाली, "गोष्ट चांगली हाय बाई. पन मले कालच समजलं, ते दोघं भेटतीन."

आवारभर हशा पिकला. जयवंताही हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. घरी चुलीपुढे बसून ती देवीदासला म्हणाली, "अवो, मी आता खुनाची गोष्ट सांगतो. कोनाले शेवट समजनार नाई अशी."

"तुह्यानं चिलट मारल्या जात नाई," देवीदास म्हणाला. "खून काय करतं?"

दुसऱ्या दिवशी तिने सुरुवात केली. अमरावतीहून रुई भरलेली बंडी निघाली. गाडीवान एकटा. अकोल्याला पोचून रुई उपसू लागले, तर तळाशी माणसाचा हात. आणखी उपसलं, तर ज्याची रुई, तो व्यापारीच खाली मरून पडलेला.

चरक्या थांबल्या. खुशालराव आवाराच्या फाटकाशी हिशेबाचं निमित्त करून नेहमी उभा असायचा, तोही आत आला. "जयवंताबाई, व्यापारीच काहून मारला वो?"

"मालक, गरिबाले मारून कोनाले काय भेटते?"

पुढचे काही दिवस आवारात दुसरा विषय नव्हता. रुईच्या कोठीत एकटी जायला कोणी तयार होईना. मेलेल्या व्यापाऱ्याची बायको होती, जी रडलीच नाही. भागीदार होता, जो फार रडला. आणि गाडीवान होता, बैलांना आपल्या भाकरीतला घास देणारा. पहिल्या रांगेतली कौशल्या म्हणायची बायकोनेच केलं, दुसऱ्या म्हणायच्या गाडीवानानेच. मनकर्णा मात्र आता जयवंताच्या अगदी शेजारची चरकी धरायची.

पंचाईत वेगळीच होती. खून कोणी केला हे जयवंतालाच माहीत नव्हतं. प्रेमाच्या गोष्टीत ती कधी आधी ठरवायची नाही. माणसं उभी केली की ती आपोआप एकमेकांकडे चालू लागत. इथे कोणी चालेना. ज्याच्याबद्दल बोलावं त्याच्यावर तिचाच जीव जडायचा. बायको का रडली नाही ते सांगता सांगता ती बाई तिला आपलीच बहीण वाटू लागली. भाजी खुडताना तिने देवीदासला विचारलं, "खून कोनं केला असन?"

"मले काय मालूम? मी वांगे तोडून राहिलो व्हतो."

इकडे बायांचा धीर सुटला. "आज नाव सांग, नाई तर हात चालनार नाई," असं सगळ्यांनी धरलं. गडबडीत जयवंताने सोपी वाट धरली. पंच बसले, म्हणाली, आणि ठरलं की गाडीवानानेच मारलं. बंडी त्याची, वाट त्याची, दुसरं होतंच कोण?

"मी म्हटलंच व्हतं!" कोणीतरी ओरडलं.

मनकर्णा उठली. चरकीत अर्धा कापूस तसाच. कोणाकडे न पाहता फाटकाबाहेर गेली, ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

जयवंताला चैन पडेना. काम सुटल्यावर पदरात मेथीची जुडी घेऊन ती मनकर्णाच्या नातेवाइकांच्या घरी गेली. मनकर्णा ओसरीवर जात्यापाशी बसली होती. तिने मेथी घेतली आणि बसायला सांगितलं.

"माहा घरधनी गाडीवान व्हता," ती म्हणाली. "खामगावच्या वाटेनं रुईले आग लागली. सारे म्हनले, यानंच चिलीम ओढली. त्यानं जल्मात चिलीम धरली नाई बाई. पन बंडी त्याची, वाट त्याची. कोनी त्याले माल देईना मंग. त्या घोरानंच गेला तो."

जयवंताने तिचा हात धरला. "मले काय माहीत, मनकर्णा? गाडीवानाले कोनी विचारलं नाई, म्हनून मी बी नाई विचारलं."

"तुह्या गाडीवानानं नाई मारलं," मनकर्णा म्हणाली. "मी रोज तेच सोडवून राहिली व्हती. बंडीत काय भरलं व्हतं? रुई. चरकीतून निघालेली. मेलेल्याच्या पागोट्यात सरकी सापडली तर?"

जयवंताने धागा लगेच पकडला. सरकी म्हणजे तो माणूस कच्च्या कापसात पडला होता. म्हणजे वाटेवर नाही, बंडी भरायच्या आधीच, आवारातल्या कापसाच्या ढिगात. आणि त्या ढिगाच्या कोठीची किल्ली होती भागीदाराकडे. दिवेलागण झाली तरी दोघी बोलत होत्या. मेथी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा आपल्या चरकीवर होती. जयवंताने घसा साफ केला. "परवा मी सांगतलं ते पंचाचं म्हननं व्हतं. पंच म्हनले म्हनजे खरं असते का? आता गाडीवानाच्या बायकोचं आयका."

त्या गाडीवानाची बायको अकोल्यापर्यंत पायी गेली. प्रेत धुणाऱ्यांना भेटली, मेलेल्याचं पागोटं मागून घेतलं, पंचांसमोर उलगडलं. त्यातून टपटप सरकी पडली. जयवंताने "सरकी" म्हणायचा अवकाश, पहिल्या रांगेतून कौशल्या ओरडली, "अव माय! मंग तो इथंच मेला, बंडीत नाई!" आणि मग सगळं आवारच बोलू लागलं, कारण सरकी आणि रुई यांतला फरक तिथल्या प्रत्येकीच्या बोटांना ठाऊक होता. गोष्ट पुढे न्यायला जयवंताची गरजच उरली नाही. कापसाच्या कोठीची किल्ली कोणाकडे, एवढं विचारून भागीदाराला बायांनीच पकडलं.

शेवट मात्र तिनेच सांगितला. गाडीवान सुटला. बायको वेशीपाशी उभी होती. तो जवळ आला, तिने नुसता त्याच्या पागोट्यावरचा धुरळा झटकला. मनकर्णा मान खाली घालून चरकी फिरवत होती, भराभर, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्या दिवशी सूर्य मावळल्यावरही कोणी उठलं नाही.

त्या हंगामानंतर जयवंताने आणखी दोन-तीन खून सांगून पाहिले. दर वेळी खून बाजूला राहायचा आणि कोणीतरी कोणासाठी पायी निघायचं. बायांना त्याचं काही वाटत नसे.

पुढे लढाई संपली, भाव उतरला. बडनेऱ्याला आगगाडी आली, मग वाफेवर चालणारे कारखाने आले आणि हातचरक्या एकेक करून माळ्यावर गेल्या. बाया पांगल्या. मनकर्णा अकोल्याला परतली होती, तिकडे ती गाडीवानाची गोष्ट सांगायची, असं बंडीवाले सांगत. जयवंता देवीदासच्या मळ्यात रमली. म्हातारपणी कोणी गोष्ट मागितली तर म्हणायची, "करकर नाई बाई, तर मले सुचत नाई." तरीही कधी आवारातली एखादी जुनी मैत्रीण बाजारात भेटली, की दोघी झेंडूच्या टोपल्या खाली ठेवायच्या, आणि कोण कुठल्या चरकीवर बसायचं ते आठवत उभ्या राहायच्या.